निकाल ठाऊक असलेली कुस्ती : रेटिंगचा आकडा आणि प्रेक्षकाचे वाचन

रोलाँ बार्थच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या संग्रहाचा आरंभ व्यावसायिक कुस्तीवरील लेखाने होतो. मराठी समीक्षेत चिन्हमीमांसेची ओळख करून देताना हा लेख पुष्कळदा उल्लेखिला जातो. परंतु त्यातील एक भेद मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. बार्थच्या मते मुष्टियुद्ध ही प्रेक्षकासमोर उलगडत जाणारी कथा असते. तिचा अर्थ शेवटावर अवलंबून असतो आणि म्हणून तेथे पैज लावता येते. कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे वाचनीय असतो. वेदना, पराभव, नीचपणा, न्याय ही सारी त्या त्या क्षणीच्या मुद्रेतून पूर्णत्वाने प्रकट होतात. निकाल काय लागणार याची तेथे उत्सुकता नसते. कुस्ती ठरवून खेळलेली आहे की नाही हा प्रश्न त्या प्रेक्षकाला पडतच नाही.

बार्थपुढे होती ती पॅरिसमधील दुय्यम दर्जाच्या सभागृहांतील, एका संध्याकाळीच संपणारी कुस्ती. अमेरिकी दूरचित्रवाणीने १९९०च्या दशकात जी कुस्ती घडवली ती संपत नाही. ती दर सोमवारी पुढे चालू राहते. हेन्री जेन्किन्स या अभ्यासकाने १९९७ साली तिला पुरुषांसाठीचा मेलोड्रामा म्हटले, ते तिच्या या मालिकारूपाकडे पाहूनच. येथे क्षणाला भूतकाळ असतो आणि पुढील आठवड्याचे आश्वासनही असते. बार्थने हद्दपार केलेला काळ असा पुन्हा आत येतो, आणि त्याच्याबरोबर एक नवाच घटकही आत येतो : प्रेक्षकसंख्येचा आकडा.

हा आकडा केवळ जाहिरातदारांच्या वहीत राहिला असता तर समीक्षेला त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तो संहितेत कसा शिरला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या वतीने असे मान्य करण्यात आले की, आपल्या सामन्यांना खरीखुरी क्रीडास्पर्धा मानू नये. ते मनोरंजन आहे. हेतू अगदी व्यावहारिक होता. क्रीडा-नियामक मंडळाची देखरेख आणि कर यांतून सुटका हवी होती. परंतु या कबुलीने ‘केफेब’ची, म्हणजे जत्रेतील खेळकऱ्यांच्या बोलीतून आलेल्या त्या जुन्या गुप्ततेच्या कराराची, अधिकृत समाप्ती झाली. (आपल्याकडील ‘नुरा कुस्ती’ हा शब्द येथे लावण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. नुरा कुस्तीत प्रेक्षकाची फसवणूक गृहीत असते. जेथे ठरवाठरवी दोन्ही पक्षांना ठाऊक आहे तेथे फसवणूक उरत नाही, संकेत उरतो.) मग प्रश्न असा की, सामन्यातील अनिश्चितता नाहीशी झाल्यावर ती गेली कुठे?

ती आकड्यात गेली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग या संस्थेने ‘नायट्रो’ हा कार्यक्रम सोमवारी रात्री सुरू केला. प्रतिस्पर्धी वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचा ‘रॉ’ जानेवारी १९९३पासून त्याच रात्री चालू होताच. १९९६च्या जूनपासून ‘नायट्रो’ने सलग ८०हून अधिक आठवडे अधिक रेटिंग मिळवले. १३ एप्रिल १९९८ रोजी ‘रॉ’ने ४.६ विरुद्ध ४.३ अशा फरकाने ती मालिका तोडली. या सर्व घडामोडींत एकच लढत अशी होती की जिचा निकाल कोणत्याही लेखकाने आधी लिहून ठेवलेला नव्हता, आणि ती दोन वाहिन्यांमधली होती. डेव्ह मेल्ट्झर यांच्या ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’सारख्या वार्तापत्रांचा वाचक त्या आठवड्याचे आकडे मुष्टियुद्धाच्या प्रेक्षकाप्रमाणे पाहू लागला. बार्थने कुस्तीतून वगळलेली पैज अशी वेगळ्याच दाराने परत आली.

४ जानेवारी १९९९ची रात्र या संदर्भात वारंवार सांगितली जाते. ‘रॉ’चा त्या रात्रीचा भाग काही दिवस आधीच चित्रित झालेला होता. ‘नायट्रो’ अटलांटाहून थेट प्रक्षेपित होत होता. आपल्या वरिष्ठांच्या सूचनेनुसार निवेदक टोनी शिआव्होने यांनी प्रेक्षकांना सांगून टाकले की, दुसऱ्या वाहिनीवर आज मिक फोली विजेतेपद मिळवणार आहे. आणि आता तिकिटे खपतील पाहा, अशा आशयाची उपरोधिक पुस्तीही जोडली. अपेक्षा अशी की निकाल फुटला की रस संपला. घडले उलटेच. प्रेक्षक मोठ्या संख्येने त्या वाहिनीकडे वळले. त्या रात्रीचे आकडे ‘रॉ’ ५.७, ‘नायट्रो’ ५.० असे होते. इकडे अटलांटात केव्हिन नॅशने हल्क होगनच्या एका बोटाच्या स्पर्शाने कोसळून विजेतेपद त्याला देऊन टाकले. पुढे ‘रॉ’च्या प्रेक्षागृहांत फोलीनेच आम्हांला या खुर्चीत आणून बसवले अशा अर्थाचे फलक झळकू लागले.

कुस्तीविषयक भाष्यात या प्रसंगाला नियतीचे वळण मानण्याची रूढी आहे : त्या रात्री एक संस्था हरली, आणि मार्च २००१मध्ये ती प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. हे कथन सोयीचे आहे, पण आकड्यांनाच ते मान्य नाही. ‘नायट्रो’चा शेवटचा साप्ताहिक विजय २६ ऑक्टोबर १९९८चा, म्हणजे जानेवारीतील त्या रात्रीपूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ तो कार्यक्रम मागेच होता. शिवाय तो शेवटचा विजय कशाने मिळाला? आदल्या रात्रीच्या सशुल्क प्रक्षेपणाची वेळ संपून अनेक घरांतील चित्र मध्येच बंद पडले होते. म्हणून गोल्डबर्ग आणि डायमंड डॅलस पेज यांचा सामना दुसऱ्या दिवशी विनामूल्य पुन्हा दाखवण्यात आला. निकाल लागून गेलेला सामना!

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की शिआव्होने यांच्या निवेदनामागील वाङ्मयीन गृहीतक उघडे पडते. कथेतील रस म्हणजे ‘पुढे काय झाले’ एवढेच, हे ते गृहीतक. कीर्तनातील आख्यान ऐकणाऱ्या श्रोत्याला द्रौपदीचे काय होणार हे ठाऊक असते, आणि म्हणूनच तो बुवा त्या ठिकाणी कसे पोहोचतात याकडे कान देतो. फोली हा वर्षानुवर्षे अंगावर जखमा घेत आलेला, सुडौल शरीर नसलेला, विजेता शोभणार नाही असे मानला गेलेला मल्ल. त्याचे विजेतेपद ही बातमी नव्हती, फलप्राप्ती होती. फलप्राप्ती सांगून संपत नाही; ती पाहावी लागते. या अर्थी बार्थ बरोबर ठरतो, पण निराळ्या कारणाने. निकाल महत्त्वाचा नाही असे नाही. तो आधी कळल्याने त्याचे मोल घटत नाही, एवढेच. मालिकारूप कुस्तीत क्षणाला बळ मिळते ते मागे साचलेल्या काळातून.

खरी अडचण पुढे आहे. रेटिंग पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत उपलब्ध होऊ लागल्यावर भाष्यकारांनी प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी नावे जमा किंवा खर्ची टाकायला सुरुवात केली. अमुक मल्लाने इतके प्रेक्षक ‘आणले’, तमुकाने ‘घालवले’. निल्सनचा आकडा तेव्हा काही हजार घरांच्या नमुन्यावरून काढलेला अंदाज असे, समोर फुटबॉलचा सामना असेल तर तो घसरतो, तासाच्या सुरुवातीला वाहिन्या बदलल्या जातात, या गोष्टी त्या लेखनात दिसतात त्या तळटीपेपुरत्या. क्रियापद मात्र कर्तरीच राहते. ही कार्यकारणाची कथा आहे, आणि तिचा लेखक भाष्यकार आहे. २७ सप्टेंबर १९९९ रोजी द रॉक आणि फोली यांच्या एका दीर्घ विनोदी प्रवेशाला ८.४ असे रेटिंग मिळाले. त्या प्रवेशात कुस्ती नव्हती. फोलीने आपल्या जोडीदाराच्या शाळेतील माणसे रिंगणात बोलावली होती. त्या आकड्यावरून ‘लोकांना कुस्ती नको’ असे म्हणता येते, ‘लोकांना ही दोन माणसे हवीत’ असेही म्हणता येते. दोन्हींपैकी काय खरे, याबाबत आकडा मुका आहे.

मेल्ट्झर यांच्याच वार्तापत्रात सामन्यांना तारे देण्याची प्रथा आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियोत झालेल्या ओकादा–ओमेगा सामन्याला त्यांनी पाचांच्या मापात सहा तारे दिले. माप मोडण्याची ही कृती हास्यास्पद वाटू शकते. तरीही ती मूल्यविधान आहे : कुणीतरी पाहिले, तोलले आणि आपल्या नावानिशी मत दिले. त्याच्याशी वाद घालता येतो. रेटिंगशी वाद घालता येत नाही, फक्त त्याचा अर्थ लावता येतो. आणि अर्थ लावणारा आपले मत आकड्याच्या तोंडून वदवतो. एकाच वार्तापत्रात दोन्ही प्रथा नांदतात. वाचकाला मात्र आकड्यातील विधान अधिक वस्तुनिष्ठ भासते, आणि ताऱ्यांना व्यक्तिगत लहर म्हणून हसण्याची मुभा त्याला मिळते.

६ जानेवारी २०२५पासून ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर गेला. निल्सनचा साप्ताहिक आकडा त्याच्यापुरता थांबला. त्या जागी जो आकडा येतो तो प्रक्षेपण करणारी कंपनीच जाहीर करते, आणि त्यातील ‘दर्शन’ म्हणजे माणूस नव्हे : पाहिलेल्या एकूण तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून आलेला भागाकार. भाष्य मात्र थांबलेले नाही. त्या भागाकारातही कोण चढले आणि कोण उतरले हे दर आठवड्याला वाचले जाते.