खेळांतील सत्ता आणि खेळावरील सत्ता

खेळांत राजा होणें निराळें आणि खेळाचा राजा होणें निराळें. आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्या गड्यानें आपल्या पाटीवर वाटेल तेवढा दरारा बसवावा. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. परंतु पाटी कोठें आखावयाची हें तोच गडी डाव चालू असतांना ठरवूं लागला, तर हा रडीचा डाव आहे असें शेंबडें पोरही सांगेल. संगणकाच्या पडद्यावर हजारों माणसें एकाच काल्पनिक जगांत निरनिराळीं सोंगें घेऊन वावरतात, अशा ऑनलाईन खेळांत मात्र हा साधा भेद वारंवार विसरला जातो. तेथें खेळाडू गट बांधतात. गटांचे पुढारी कर बसवितात, तह करतात, सैन्यें चालवितात. ह्या गटांच्या हातीं सत्ता किती असावी, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्यानें मला आपली कैफियत सांगितली. असल्याच एका खेळांत तो एका मोठ्या गटाचा सभासद होता. मिळविलेली सर्व सामग्री गटाच्या सामायिक कोठारांत ठेवावयाची, असा तेथला शिरस्ता. एका रात्रीं पुढाऱ्याशीं त्याचा वाद झाला. सकाळीं पाहतो तों यादींतून नांव काढलेलें, कोठार बंद, आणि दोन वर्षांची मिळकत गडप! “सर, दाद मागावयाची कोणाकडे?” असें त्यानें विचारलें. “अरे, खेळच तो, दुसरा खेळ,” असें म्हणून मीं त्याची बोळवण केली. पण त्याच्या चेहऱ्यावरची खंत खोटी नव्हती. गेलेली संपत्ति काल्पनिक असेल. तिच्या पायीं खर्ची पडलेल्या रात्री आणि मित्रांवर टाकलेला विश्वास, हीं कांहीं काल्पनिक नव्हतीं. माझें उत्तर उथळ होतें हें मला मागाहून कळून आलें, आणि तेव्हांपासून मी ह्या खेळांच्या राज्यघटनेकडे जरा लक्ष देऊन पाहूं लागलों.

ह्या प्रकारांतील सर्वांत विचारार्ह कृति म्हणजे आइसलंडमधील रेक्याविक येथील सीसीपी ह्या कंपनीनें २००३ सालीं काढलेला ‘ईव्ह ऑनलाईन’. साडेसात हजारांहून अधिक सूर्यमालांचें हें अंतराळ आहे. त्याच्या मध्यवर्ती भागांत खेळानेंच नेमलेले पहारेकरी गुन्हेगारास शासन करतात; दूरच्या सरहद्दीपलीकडे मात्र कायदा नाहीं. तेथें खेळाडूंचे संघ मुलूख जिंकतात, राखतात आणि गमावतात. २००९ च्या फेब्रुवारींत ‘बँड ऑफ ब्रदर्स’ हा बलाढ्य संघ एकाएकीं नाहींसा झाला, आणि तोही लढाईंत नव्हे. त्याचाच एक अधिकारी ‘गूनस्वॉर्म’ ह्या शत्रुपक्षास मिळाला व हातीं असलेल्या अधिकाराच्या बळावर त्यानें संघच विसर्जित करून टाकला. कंपनीनें तो निर्णय फिरविला नाहीं. २०१४ च्या जानेवारींत एका सूर्यमालेच्या सार्वभौमत्वाचा हप्ता भरावयाचा राहिला, एवढ्या निमित्तावरून सुमारें २१ तास लढाई जुंपली. ७,५०० हून अधिक खेळाडू तींत उतरले आणि ‘टायटन’ जातीचीं ७५ अजस्र जहाजें नष्ट झालीं.

बाहेरून पाहणारास ही निव्वळ बजबजपुरी वाटेल. मला तसें वाटत नाहीं. येथील फितुरी खरी आहे म्हणूनच येथील इमानासही मोल आहे. पुढारी निवडण्यांत चूक झाली तर तिचें फळ भोगावें लागतें, आणि तें फळ कोणी वरून येऊन हिरावून घेत नाहीं. मग माझ्या विद्यार्थ्याची तक्रार पोकळ ठरते काय? नाहीं. ‘ईव्ह’मध्यें बळी तो कान पिळी हा न्याय कोठून सुरू होतो हें खेळाडूस आधींच ठाऊक असतें, ती हद्द तो जाणूनबुजून ओलांडतो, आणि न ओलांडतांही त्याला खेळतां येतें. माझ्या विद्यार्थ्यास ना पूर्वसूचना होती, ना गटाबाहेर राहून खेळण्याची सोय.

परंतु दुसऱ्या एका प्रकारच्या सत्तेचा धोकाही ह्याच खेळानें दाखवून दिला. कंपनीचा एक कर्मचारी स्वतः बँड ऑफ ब्रदर्समध्यें खेळत असतांना त्यानें दुर्मिळ आराखडे गैरमार्गानें मिळविले होते, हें २००७ सालीं उघडकीस आलें. कुंपणानेंच शेत खाल्लें! फितुरी हा डावांतला एक डाव होता. हें मात्र पाटीच पुसून नव्यानें आखणें होतें. २००८ सालीं कंपनीनें खेळाडूंनीं निवडलेलें नऊ जणांचें ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ स्थापन केलें. हें मंडळ प्रश्न विचारतें, सल्ला देतें. नियम करीत नाहीं. तरीही तें निरुपयोगी नाहीं. २०११ सालीं कंपनीच्या पैसे घेऊन वस्तु विकण्याच्या धोरणावर खेळाडू इतके खवळले कीं मोठ्या बाजारपेठेजवळच्या एका स्मारकावर तोफा डागून त्यांनीं निषेध केला. तेव्हां कंपनीनें ह्याच मंडळास तांतडीनें रेक्याविकला बोलावून घेतलें. मोठ्या संघांनीं एकगठ्ठा मतें टाकून मंडळ काबीज करण्याची भीति उरतेच. तिजवर उपाय म्हणून २०१३ सालीं आपल्या राज्यसभेच्या निवडणुकींत आहे तशी एकल संक्रमणीय मताची पद्धति स्वीकारण्यांत आली.

मग चालकांनीं सगळाच कारभार खेळाडूंच्या स्वाधीन करून मोकळें कां होऊं नये? हाही प्रयोग होऊन गेला आहे. पॅव्हेल कर्टिस ह्यांनीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रांत १९९० सालीं ‘लॅम्डामू’ हें केवळ शब्दांनीं उभारलेलें जग सुरू केलें. चालकांस तेथें ‘विझर्ड’ म्हणत. १९९२ च्या अखेरीस ह्या विझर्डांनीं सामाजिक तंट्यांतून अंग काढून घेतलें. पुढच्याच वर्षीं एका खेळाडूनें इतरांच्या पात्रांवर शब्दांच्या द्वारें लैंगिक अत्याचार केला. सभा भरली, पुष्कळ वाद झाला, निर्णय झाला नाहीं. अखेर एका विझर्डनें स्वतःच्या जबाबदारीवर तें पात्र काढून टाकलें. नंतर अर्ज आणि मतदान ह्यांची पद्धति आली. तरी १९९६ सालीं चालकांस असले निर्णय पुन्हां आपल्याकडे घ्यावे लागले. यंत्राची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याची जबाबदारी कोणत्याही ठरावानें सुटत नाहीं, हा त्यांतला बोध.

म्हणून माझें मत असें: गटागटांमधील सत्तेला मर्यादा घालूं नये, जिंकणें, हरणें, फसणें हाच तेथील रस आहे. सभासदांवरील सत्ता मात्र अटींनीं बांधलेली असावी. कोणता धोका आपण पत्करीत आहों हें खेळाडूस प्रवेश करतांनाच कळावें, आणि गट सोडणारास त्या जगांत उभें राहावयास जागा असावी. तिसरी सत्ता नियमांवरील. ती कोणत्याही गटास, तो कितीही मोठा असो, देऊं नये. चालकांस जाब विचारण्याचा हक्क सर्वांस असावा, निकाल देण्याचा हक्क एकाही पक्षास नसावा.

कोणी म्हणेल, इतका खल कशाला? न आवडल्यास खेळ सोडावा. पण सोडून जाणाराचे सोबती तेथेंच राहतात, आणि त्याच्या श्रमांचें चीजही तेथेंच राहतें. शिवाय आज ह्या जगांत वावरणारे तरुण उद्यां सोसायटीच्या, संस्थेच्या, नगरपालिकेच्या सभांतून बसणार आहेत. पुढाऱ्याच्या लहरीपुढें दाद नसते, हा धडा ते खेळांत गिरवून आले, तर तो तेथें विसरतील कशावरून? माझ्या विद्यार्थ्याला त्याचें कोठार मीं परत देऊं शकत नाहीं. परंतु तो पुन्हां येऊन तोच प्रश्न विचारील, तर “खेळच तो” असें उत्तर मी खास देणार नाहीं.