पिंगचं मौन आणि अभावाचं ज्ञान

मंडळी, आज आपण एका तांत्रिक पुस्तकाची समीक्षा करणार आहोत. तत्त्वज्ञानवाल्यांनी असल्या पुस्तकात नाक का खुपसावं, हा प्रश्न रास्त आहे. पण 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक दावाच ज्ञानाचा करतं. सगळी प्रणाली सोर्स कोडपासून स्वतः बांधा, म्हणजे ती आतून कशी चालते ते कळेल, असं त्याचं म्हणणं. १९९९ साली गेरार्ड बीकमन्स यांनी सुरू केलेलं हे काम अजून चालू आहे, आणि फुकट वाचायला मिळतं. दावा ज्ञानाचा असला की प्रमाणांची चौकशी करणं हे आमचं कामच झालं.

हा दावा कसाला लागतो तो नेटवर्कपाशी. तोवर वाचक आज्ञा जशाच्या तशा टाइप करत आलेला असतो आणि बहुतेक वेळा निभावतं. कारण जीसीसी सगळ्यांचा सारखाच. कार्ड आणि राउटर मात्र ज्याचा त्याचा वेगळा. पुस्तक एक नमुना फाइल देतं: उपकरणाचं नाव ईथ-शून्य, पत्ता १९२.१६८.१.२, गेटवे १९२.१६८.१.१. आपल्याप्रमाणे बदल करा, असंही सांगतं. पण बदलूनही चाललं नाही, तर शंका कुठून घ्यायला सुरुवात करायची? त्याचा क्रम या प्रकरणात नाही. न्यायभाष्याच्या भाषेत सांगायचं तर उद्देश आहे, लक्षण आहे, परीक्षा नाही. आमचा आक्षेप एवढाच, पण तो लहान नाही.

नेहमीची तक्रार बघा. "काल याच मशीनवर इंटरनेट होतं. कार्ड तेच, केबल तीच. रीबूट केलं आणि गेलं!" अनुमान निर्दोष वाटतं ना? नैयायिकांनी लगेच बोट ठेवलं असतं. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं सरपण ही तिथली उपाधी. इथली उपाधी कोणती? कर्नल. बांधकाम चालू असताना वाचक सीएचरूटमध्ये, म्हणजे नव्या घरात बसलेला असतो खरा, पण खाली चालतो तो जुन्या, यजमान प्रणालीचा कर्नल. त्यात कार्डाचा ड्रायव्हर होता. रीबूटनंतर स्वतः बांधलेला कर्नल आला आणि त्यात ड्रायव्हर निवडायचा राहून गेला. मग 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली की यादीत फक्त 'एलओ' दिसतं, म्हणजे मशीनचं स्वतःशीच बोलणं. अशा वेळी पत्त्याची फाइल दहा वेळा खरडून काय उपयोग? कधी कार्ड दिसतं, पण ईथ-शून्य या नावाने नाही, ईएनपी३एस० अशा काही नावाने. यूडेव्हने नाव बदललेलं असतं. ते फाइलशी जुळवलं की झालं.

आता पिंग. इथे आमच्या विषयातलं जुनं भांडण उभं राहतं. भाट्ट मीमांसक म्हणतात, अभाव अनुपलब्धीने कळतो आणि ते स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिकांना ते स्वतंत्र वाटत नाही. पण वस्तू असती तर दिसलीच असती, अशी योग्यता हवी, हे दोघांनाही मान्य. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं ठरत नाही, बरं का. दूरच्या सर्व्हरला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही, एवढ्यावरून नेटवर्क नाही म्हणायचं? तिथला फायरवॉल पिंगला दादच देत नसेल तर? म्हणून आधी गेटवेला विचारा. घरचा राउटर सहसा बोलतो. तो गप्प असेल तर पत्ता बघा. राउटर १९२.१६८.०.१ वर, आणि तुम्ही नमुन्यातला १९२.१६८.१.२ तसाच ठेवलेला. प्रीफिक्स २४ असेल तर दोघं वेगवेगळ्या आळीत राहतात. गेटवे बोलला की ८.८.८.८ सारखा बाहेरचा आकडी पत्ता घ्या. आकड्याला उत्तर मिळतं आणि नावाला नाही, तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. बिचाऱ्या केबलवर आळ घेऊ नका.

गंमत अशी की ही साधनं वाचकाने याच पुस्तकाबरहुकूम आधीच बांधलेली असतात: इनेटयूटिल्समधून पिंग, आयपीरूट२ मधून आयपी. पिंगची ओळख मात्र एका ओळीत उरकलेली. परीक्षेला दोन परिच्छेद पुरले असते. ते येईपर्यंत, नेटवर्क दुरुस्त करायला काही उतरवून घ्यायचं तर वाचकाला यजमान प्रणालीतच परत जावं लागणार.