पत्त्याची पाठ

'ट्रेडिंग कार्ड'ला मराठीत शब्द नाही. 'पत्ता' म्हटलं की रमी आठवते, 'कार्ड' म्हटलं की रेशनचं. मारतहळ्ळीत आमच्या इमारतीतली मुलं या प्रश्नावर वेळ घालवत नाहीत. ती 'कार्ड' हाच शब्द घेतात आणि ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत त्याचं अनेकवचन करतात. माझी भाची 'कार्डं' म्हणते, तिसऱ्या मजल्यावरचा कन्नड मुलगा 'कार्डगळु'. रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण जमतात, प्लॅस्टिकचे कप्पे असलेल्या वह्या उघडल्या जातात आणि अदलाबदल सुरू होते. लहानांकडे बहुतेक पोकेमॉन, मोठ्या मुलींकडे (आणि वाटतं त्यापेक्षा जास्त मुलांकडे) कोरियन गायकांची फोटोकार्डं. व्हाइटफील्डला कॉमिक कॉन भरलं की पुढचे काही रविवार हॉलमध्ये बसायला जागा नसते.

या छंदाविषयी जे लिहिलं जातं ते एकतर भावांविषयी असतं, नाहीतर पालकांच्या काळजीविषयी. माझा धंदा भाषांतराचा, त्यामुळे मी कार्ड हातात घेतलं की आधी त्यावरचा मजकूर वाचते. आणि वाचण्यासारखं बरंच असतं. पोकेमॉनच्या कार्डावर त्या प्राण्याचं बळ, त्याचा हल्ला, त्याची दुबळी बाजू. तळाशी संचातला क्रमांक आणि दुर्मिळतेची खूण: वर्तुळ म्हणजे सर्रास मिळणारं, चौकट म्हणजे थोडं कमी, चांदणी म्हणजे दुर्मिळ. शिवाय जवळजवळ प्रत्येक कार्डावर ते चित्र काढणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. १९९६मध्ये जपानात निघालेल्या पहिल्या संचातला पिकाचू मित्सुहिरो आरिता यांनी काढला हे इथल्या नऊ वर्षांच्या मुलाला माहीत असतं, कारण ते कार्डावरच लिहिलेलं आहे. अनुवादित पुस्तकांची मुखपृष्ठं पाहण्यात आयुष्य गेलेल्या मला या गोष्टीचा हेवा वाटतो. जिथे अनुवादकाचं नाव शोधायला आतलं पान उलटावं लागतं, अशी किती पुस्तकं माझ्या कपाटात आहेत!

आमच्या लहानपणी, बेळगावात, कार्डं गरिबाघरची होती. सुरुवात सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांपासून. पाकिटं सपाट करून रिंगणात मांडायची आणि चपट्या दगडाने बाहेर उडवायची. चारमिनारला भाव कमी, क्वचित सापडणाऱ्या परदेशी पाकिटाला जास्त. हे भाव गल्ली ठरवत असे आणि पुढच्या गल्लीत ते बदलत. मग नव्वदच्या दशकात केबलवर कुस्ती आली आणि तिच्या मागोमाग डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं. पैलवानाचा फोटो, आणि त्याखाली उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढला, किती जिंकला, क्रमवारीत कितवा. एकाने एक रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला दुसऱ्याचं कार्ड. क्रमवारीत मात्र लहान आकडा मोठा. पैलवान डोंगराएवढा असूनही हरलेल्या लढती जास्त असू शकत, म्हणून पुकारण्याआधी सगळं कार्ड वाचावंच लागे आणि समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधावा लागे. 'बायसेप्स' हा शब्द मी शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकात नाही, तिथे शिकले. आम्ही त्याचं 'दंड' केलं होतं. 'फाइट्स वन'चं 'जिंकलेल्या मारामाऱ्या'. पहिला मोबदला न घेतलेला अनुवाद तोच म्हणायचा.

हे सांगताना डोळे पाणावलेले नाहीत. त्या कार्डांवरचे आकडे बिनबुडाचे होते, चित्रं पुसट होती आणि खेळात मुलींना घेत नसत. माझा चुलतभाऊ पडून असे तेव्हा त्याच्या जागी मला बसवत, एवढंच. मुद्दा असा की त्या कार्डाचं मोल ते वाचण्यात होतं, आणि ते वाचणाऱ्यांनीच ठरवलेलं होतं.

आता एका उलट उदाहरणाकडे येते. पोकेमॉनच्या जगातलं बहुधा सगळ्यात गाजलेलं कार्ड म्हणजे 'पिकाचू इलस्ट्रेटर'. ते दुकानात कधीच विकलं गेलं नाही. १९९७ आणि १९९८मध्ये 'कोरोकोरो कॉमिक' या जपानी मासिकाने चित्रस्पर्धा घेतल्या आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून ते दिलं. त्यावर अत्सुको निशिदा यांनी काढलेला पिकाचू हातात कुंचला घेऊन उभा आहे. खालच्या जपानी मजकुरात हल्ला नाही, बळ नाही. तुमचं चित्र उत्कृष्ट ठरलं, तुम्हाला पोकेमॉन कार्डाचे अधिकृत चित्रकार मानण्यात येत आहे, अशा अर्थाचं ते प्रमाणपत्र आहे. कुणीतरी घरी बसून चित्र काढलं, त्याची पाठ थोपटणारा हा मजकूर. याच कार्डाची एक निर्दोष प्रत लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरने २०२१मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतली आणि पुढच्या वर्षी रेसलमेनियाच्या रिंगणात उतरताना गळ्यात घालून मिरवली. आमची ट्रम्प कार्डं ज्या कुस्तीतून आली तिथेच कार्ड परत गेलं, पण या वेळी त्यावरचं कुणी काही पुकारणार नव्हतं. चित्रकाराला दिलेलं प्रशस्तिपत्र विकत घेणाऱ्याच्या गळ्यातलं पदक झालं.

'निर्दोष' हा शब्दही माझा नाही. पीएसए ही अमेरिकी कंपनी १९९१पासून कार्डं तपासून त्यांना एक ते दहा असे गुण देते आणि कडक पारदर्शक डबीत कायमची बंद करते. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे की नाही, हे पाहिलं जातं. मजकुराला गुण नाहीत. डबीतून कार्डाची पाठ दिसते, हे मान्य, पण वहीतून काढून 'हे घे, ते दे' म्हणताना कार्ड जसं उलटंसुलटं होतं तसं आता होत नाही. आमच्या हॉलमध्ये अशा डब्या आल्यापासून एक फरक दिसतो: डबीतल्या कार्डाविषयी मुलं फक्त गुणांचा आकडा बोलतात. दहा. नऊ. त्यावरचा प्राणी कोणता हे शेवटी येतं.

हे फक्त आजच्या बाजाराचं दुखणं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, असे एकशेवीस गोल पत्ते. काही रंगांत दश्शी मोठी, काहींत एक्का मोठा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा. म्हणजे खेळायला बसलेल्याला सूर्य मावळला की नाही हेही वाचावं लागे. इकडे म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी 'श्रीतत्त्वनिधी'च्या 'कौतुकनिधी' या भागात पत्त्यांच्या नव्या खेळांची रचना नोंदवून ठेवली. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला बुडू दिली नाही, राजवाड्यात आजही पत्ते रंगवले जातात, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण विकत घेऊन जाणाऱ्यांपैकी खेळणारे किती? माझ्या ओळखीत तीन घरांत तो संच आहे. दोन ठिकाणी काचेच्या कपाटात, एका ठिकाणी चौकटीत. रामाचा राजा दिवसरात्र भिंतीवर.

म्हणून मला फोटोकार्डांकडे जास्त लक्ष द्यावंसं वाटतं, जरी सगळ्यात जास्त नाकं त्यांच्याच बाबतीत मुरडली जातात. आकार साधारण ५५ गुणिले ८५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बँकेच्या कार्डाएवढा. अल्बमच्या बंद खोक्यात कुणाचं निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि हा कंपन्यांनी थंड डोक्याने मांडलेला जुगार आहे यात मला शंका नाही. भाचीने एका गायकासाठी तीन अल्बम घेतले. घरात सीडी वाजवायचं यंत्रच नाही. पण या मुलींची परिभाषा ऐका. आवडत्या गायकाला त्या 'बायस' म्हणतात. समीक्षेत आम्ही ज्याला दोष मानतो, पूर्वग्रह म्हणून लपवतो, तो त्या पहिल्याच वाक्यात जाहीर करतात आणि मग व्यवहाराला बसतात. भाव त्यांनाही फोनवर दिसतो. तरी परवा एकीने महागातलं कार्ड देऊन स्वस्तातलं घेतलं, कारण स्वस्तातलं तिच्या बायसचं होतं. कुणी हसलं नाही. सिगारेटच्या पाकिटांचा भाव ठरवणारी गल्ली अजून पुरती उठलेली नाही.

आणि पाठ. फोटोकार्डाच्या पाठीवर कधी नुसती सही असते, कधी हस्ताक्षरात छापलेली एखादी ओळ, बहुधा कोरियन लिपीत. मी पाहिलेल्या एकाही कार्डावर, पोकेमॉनच्या किंवा गायकांच्या, कुठलीही भारतीय लिपी नव्हती. ती ओळ वाचता यावी म्हणून भाची हंगुल शिकली, दोन महिन्यांत, कुणी न सांगता. बेंगळुरूत जन्मूनही तिला बसवरची कन्नड पाटी अजून अक्षर लावून वाचावी लागते. याचा मला त्रास होतो आणि तो मी तिला बोलून दाखवते. तिचं म्हणणं, कन्नड कार्ड काढा, मग बघ.

गेल्या महिन्यात तिने एका कार्डाची पाठ मला वाचून दाखवली. गायकाने चाहत्यांना विचारलंय, तिने सांगितलं, 'जेवलीस का?' आणि लगेच थांबली. कोरियन क्रियापदात बाई की पुरुष हे कळत नाही, आणि हेच कार्ड तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडेही आहे. त्याला 'जेवलीस' कसं चालेल? 'जेवलास' केलं तर ती स्वतः बाहेर पडते. 'जेवलात' म्हटलं तर दोघं आत येतात, पण मूळ ओळ सलगीची आहे, इतकी अदब त्यात नाही. मी मदत केली नाही. या अडचणीवर मी वीस वर्षं पैसे मिळवले आहेत, म्हटलं बघू. ती बोटात कार्ड फिरवत राहिली.

तो मुलगा शेजारीच वहीत कार्डं लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ऊट आयता?"

इथे भाजीवालीपासून वॉचमनपर्यंत सगळे एकमेकांना हेच विचारतात. त्यात ना 'लास' आहे ना 'लीस'. भाचीने ते मनात एकदा घोळवलं आणि कार्डाच्या प्लॅस्टिकवर पेनने मराठीत लिहिलं: जेवण झालं?