वक्रोक्तीचा वारसा : विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि काळकर्ते परांजपे

मराठी राजकीय निबंधाचा इतिहास सामान्यतः व्यक्तींच्या क्रमाने सांगितला जातो : विष्णुशास्त्री चिपळूणकर, त्यांच्यामागून आगरकर व टिळक, आणि पुढे शिवराम महादेव परांजपे. या मांडणीत परांजप्यांच्या वाट्याला एक विशेषण येते, ‘वक्रोक्तीचे बादशहा’, आणि तेवढ्यावर चर्चा थांबते. वक्रोक्ती हे जणू स्वभावाचे लेणे होते, काहींना हजरजबाबीपणा लाभतो तसे ते परांजप्यांना लाभले, असा त्यामागचा समज असतो. परंतु एखादी शैली केवळ स्वभावातून येत नाही. तिच्यामागे गुरूचे गद्य असते, कायदा असतो, आणि विशिष्ट प्रकारचा वाचक गृहीत धरलेला असतो. परांजप्यांच्या बाबतीत हे तीनही घटक तपासून पाहण्याजोगे आहेत. त्यांच्याविषयीचा आदर त्यामुळे उणावत नाही. तो अधिक जबाबदार होतो, इतकेच.

विष्णुशास्त्र्यांचा मृत्यू १७ मार्च १८८२ रोजी झाला. त्या वेळी त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू होऊन जेमतेम सात-आठ वर्षे चालली. सरकारी नोकरीचा राजीनामा १८७९ चा, न्यू इंग्लिश स्कूल १८८० चे, ‘केसरी’ व ‘मराठा’ १८८१ चे. म्हणजे ज्याला ‘चिपळूणकरी संप्रदाय’ म्हटले जाते त्याचा प्रवर्तक तो संप्रदाय उभा राहण्यापूर्वीच गेला होता. न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी असलेले परांजपे (जन्म १८६४) तेव्हा सतरा वर्षांचे होते. गुरू लवकर जातो तेव्हा शिष्याच्या हाती त्याचे उत्तरायुष्य येत नाही. गुरूने आपली मते बदलली असती काय, आपल्या लेखणीची धार कोठे बोथट केली असती, हे प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात. उरते ते फक्त गद्य. म्हणूनच विष्णुशास्त्र्यांचे स्मरण त्यांच्या वारसदारांनी केले ते मुख्यतः वाक्यरचनेतून.

आगरकरांनी मालेतील युक्तिवादाची शिस्त उचलली आणि तीच मालाकारांच्या सामाजिक भूमिकेवर उलटवली. १८८८ नंतरच्या ‘सुधारका’चे गद्य विष्णुशास्त्र्यांना विरोध करतानाही त्यांचेच ऋण फेडत असते. टिळकांनी अलंकार झाडून टाकले. १८९७ च्या जुलैतील ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाचे शीर्षक पाहावे : घरगुती बोलीतला सरळ प्रश्न, आणि त्यात लपवलेले काही नाही. मालेतला उपरोध, मात्र त्याच्या उघड्या स्वरूपात नव्हे, परांजप्यांकडे आला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. विष्णुशास्त्र्यांचा उपरोध हा बोचरा असला तरी सरळ आहे. लोकहितवादी, जोतीराव फुले, दयानंद सरस्वती यांच्यावर ते तुटून पडतात तेव्हा लक्ष्य कोण व निवेदक कोणाच्या बाजूचा याविषयी वाचकाला क्षणभरही संदेह राहत नाही. जॉन्सन व मेकॉले यांच्या अभ्यासातून आलेली समतोल, कलत्या तराजूसारखी वाक्ये ते योजतात. एका पारड्यात प्रतिपक्षाचे विधान, दुसऱ्यात त्याचा फज्जा. परांजप्यांच्या गद्यात हे पारडे दिसेनासे होते. तेथे निवेदक प्रतिपक्षाचीच भाषा बोलू लागतो, राज्यकर्त्यांच्या औदार्याचे गोडवे गातो, त्यांच्या तर्काला भक्तिभावाने शेवटापर्यंत नेतो, आणि तो शेवट इतका भयंकर असतो की स्तुतीचे रूपांतर आपोआप निंदेत होते. संस्कृत अलंकारशास्त्र यास व्याजस्तुती म्हणते. बाख्तिनच्या परिभाषेत हा द्विस्वरी उच्चार होय. परांजपे संस्कृतचे व्यासंगी होते, आणि कुंतकाने ज्या अर्थाने वक्रोक्तीला काव्याचे जीवित मानले तो अर्थ त्यांना अपरिचित असणे संभवनीय नाही. पण कुंतकाची वक्रता सौंदर्यासाठी आहे. परांजप्यांची वक्रता मुख्यतः सांगता न येणारे सांगण्यासाठी आहे.

सांगता का येत नव्हते? ‘काळ’ साप्ताहिक मार्च १८९८ मध्ये निघाले. त्याच्या आदल्या वर्षी टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला होता, आणि १८९८ सालीच दंडविधानाचे १२४ अ हे कलम दुरुस्त होऊन अधिक व्यापक झाले. साहित्यमीमांसेच्या दृष्टीने हे कलम कुतूहलाचे आहे. ते लेखातील विधानाच्या सत्यासत्यतेकडे पाहत नाही. वाचकाच्या मनात कोणती भावना उत्पन्न होईल हे पाहते. अर्थ संहितेत नसून वाचनप्रक्रियेत असतो असे प्रतिपादणारा वाचककेंद्री सिद्धांत विद्यापीठांत पोहोचण्यापूर्वी काही दशके तो असा फौजदारी न्यायालयात नांदत होता. (समीक्षेच्या इतिहासकारांनी या पूर्वजाची दखल घेतलेली नाही, हे त्यांच्या दृष्टीने बरेच झाले.)

अशा कायद्यापुढे वक्रोक्ती हा अत्यंत कुशल बचाव ठरतो. स्तुतीबद्दल शिक्षा कशी करणार? पुराणातील राक्षसाचे वर्णन, परदेशाच्या इतिहासातील एखादा उठाव, वृक्षवेलींविषयीचा निबंध, यांत राजद्रोह शोधायचा तर आधी सरकारनेच कबूल केले पाहिजे की राक्षस म्हणजे आपण. शिवाय लेख न्यायालयात जाई तो इंग्रजी भाषांतरात, आणि भाषांतरात स्वर हरवतो. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपल्या लेखांच्या भाषांतरावर जे विस्तृत आक्षेप घेतले त्यांवरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते. व्याजस्तुतीचे शब्दशः भाषांतर केले तर हाती स्तुती लागते, आणि निंदा दाखवायची तर सरकारी वकिलाला समीक्षक व्हावे लागते.

तो झालाही. दहा वर्षे हा बचाव टिकला. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतरच्या धरपकडीत परांजप्यांवर खटला होऊन त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांना झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेच्या छायेत ही घटना झाकली गेली आहे. सुटकेनंतर १९१० च्या वृत्तपत्र कायद्याखाली जामीन मागण्यात आला आणि ‘काळ’ बंद पडले. त्यातील निवडक निबंधांचे संग्रह जप्त झाले. मालेतील विष्णुशास्त्र्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंधही लेखकाच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी जप्तीस पात्र ठरला. गुरुशिष्यांतील नात्याचा याहून ठोस पुरावा कोणत्याही चरित्रकाराला देता आलेला नाही. सरकारने दोघांना एकाच परंपरेचे वाचले, आणि ते वाचन बरोबर होते.

तथापि जप्तीमुळे जे नुकसान झाले ते केवळ ग्रंथविक्रीचे नव्हे. वेन बूथ यांनी उपरोधाच्या मीमांसेत दाखविल्याप्रमाणे उपरोधाचा अर्थ लागण्यासाठी लेखक व वाचक यांच्यात काही गृहीते समान असावी लागतात. सरळ युक्तिवाद शंभर वर्षांनीही समजतो. आगरकर आज कोणत्याही टीपेवाचून वाचता येतात. परांजप्यांचे बरेचसे निबंध आज वाचताना प्रसंग ठाऊक नसेल तर वाक्य कोणत्या दिशेने कलते आहे हेच कळत नाही. ज्या काळात हे वाचनाचे संकेत नव्या पिढीकडे जावयाचे त्याच काळात संहिता उपलब्ध नव्हती. वर्गात परांजपे शिकवले जातात तेव्हा निसर्गवर्णनपर निबंधच पुढे येतात, याचे कारण बहुधा हेच असावे.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि आदरापोटी तो टाळता येत नाही. वक्रोक्ती ही दोन प्रकारच्या वाचकांना बाहेर ठेवते. एक सरकारी वाचक; त्याला बाहेर ठेवणे हा हेतूच होता. दुसरा, ज्याच्याजवळ संस्कृत काव्याचा आणि पुराणेतिहासाचा तो विशिष्ट संग्रह नाही असा मराठी वाचक. याला बाहेर ठेवण्याचा हेतू नव्हता, पण परिणाम तोच झाला. या बाबतीत वारसा थेट मालेकडून आलेला आहे. विष्णुशास्त्र्यांनी जोतीरावांच्या लेखनाची जी संभावना केली तीत त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेची थट्टा हा मोठा भाग होता. म्हणजे मराठी गद्याच्या ‘आम्ही’मध्ये कोण बसतो याचा निवाडा व्याकरणाच्या आधारे दिला गेला. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’साठी (१८७३) संवादाचे रूप निवडले होते : प्रश्न विचारणारा धोंडिबा संहितेच्या आत आहे, आणि जे वाचकाला कळणार नाही ते तो विचारून घेतो. १८७७ पासूनच्या ‘दीनबंधू’लाही असाच वाचक घडवायचा होता. परांजप्यांच्या निबंधात धोंडिबाला जागा नाही. ज्याला कळले नाही त्याने विचारायचे नाही, अशीच त्या शैलीची अट आहे. विचारले की लेखक पकडला जातो.

ही मर्यादा परांजप्यांच्या नैतिक उणिवेतून आलेली नसून त्यांनी पत्करलेल्या साधनातून आलेली आहे. जुलमाविषयी त्यांच्या इतक्या तीव्रतेने लिहिणारे मराठीत थोडे झाले, आणि त्या तीव्रतेचे विष्णुशास्त्र्यांच्या ठसक्यात न अडकता स्वतंत्र कलारूप बनविणारे त्याहून थोडे. गुरूचा आवाज त्यांनी ठेवला नाही. गुरूचे धैर्य ठेवले व आवाज बदलला. विष्णुशास्त्र्यांचे गद्य वाचताना एक माणूस समोर उभा राहून बोलत आहे असे वाटते, तर परांजप्यांच्या गद्यात तोच माणूस मुखवटा चढवून दरबारात शिरलेला असतो.

१९२० साली परांजप्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले. ते गांधींच्या चळवळीकडे वळले, मुळशीच्या सत्याग्रहात सहभागी झाले. या पर्वातील त्यांच्या लेखनास ‘काळा’ची सर नाही असे सर्रास म्हटले जाते, आणि वयाचे कारण दिले जाते. वेगळे कारणही संभवते. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधींनी राजद्रोहाचा आरोप स्वतःहून मान्य केला. अप्रीती पसरविणे हे आपले कर्तव्यच होय अशी भूमिका घेतली. आरोपीच आरोप कबूल करू लागला की व्याजस्तुतीचे प्रयोजन संपते, आणि भाषेला पुन्हा सरळ व्हावे लागते. ‘स्वराज्या’तील परांजपे त्या सरळ भाषेकडे परतण्याचा प्रयत्न करीत होते काय, आणि ती वाट त्यांना पुन्हा ‘निबंधमाले’पाशी नेत होती काय, हे त्या साप्ताहिकाचे अंक ‘काळा’शी ताडून पाहिल्यावाचून ठरवता येणार नाही. १९२९ साली, बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविल्यानंतर काही महिन्यांतच, परांजपे वारले. त्यांच्या या अखेरच्या दशकातील गद्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.