कौटुंबिक चित्रपट
कौटुंबिक चित्रपट : मुले व प्रौढ ह्यांना एकत्र बसून सारख्याच गोडीने पाहता येणारा चित्रपट. सासू-सुना, भाऊबंदकी वा गृहकलह ह्यांवरील चित्रपटांनाही मराठीत हीच संज्ञा लावतात. तथापि ती विषयावरून लावलेली असते. येथे अभिप्रेत असलेला अर्थ प्रेक्षकवर्गावरून ठरतो. केवळ मुलांसाठी काढलेल्या बालचित्रपटाहून हा प्रकार भिन्न आहे. चित्रपट निर्मळ वा बोधपर असणे एवढे त्यास पुरेसे नाही. मुलाला कृती व नवल हवे असते. प्रौढाला त्याच कृतीमागील मोल जाणवावे लागते. एकाच प्रसंगातून दोघांना दोन अर्थ लाभणे, ही ह्या प्रकाराची खरी कसोटी होय.

भारतीय चित्रपटाच्या उगमाशीच असे एकत्र पाहणे आढळते. १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके आपला मुलगा भालचंद्र ह्यास घेऊन गिरगावातील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये प्राण्यांविषयीचा एक चित्रपट पाहण्यास गेले. मुलाने घरी सांगितलेली हकीकत कोणास खरी वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते सर्व कुटुंबासह तेथे गेले. त्या वेळी पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रपर चित्रपटावरून भारतीय देवादिकांच्या कथा पडद्यावर आणण्याची प्रेरणा त्यांना मिळाली. पत्नी सरस्वतीबाई ह्यांच्या साहाय्याने दादर येथे तयार केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या ‘कॉरोनेशन’ चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यातील रोहिदास भालचंद्रानेच साकारला. ‘कालियामर्दन’ (१९१९) ह्या चित्रपटात फाळके ह्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभी ती निरनिराळे मुखाविर्भाव करून दाखविते व नंतर कृष्णरूपात येते. मुलांना येथे खोडकर सवंगडी भेटतो, भाविक प्रौढांना देव. आणि हा देव एका मुलीच्या अभिनयातून घडला आहे, हे दोघांपासूनही लपविलेले नाही.

साने गुरुजींच्या पुस्तकावरून प्र. के. अत्रे ह्यांनी काढलेला ‘श्यामची आई’ (१९५३) हा राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी होय. वनमाला व माधव वझे ह्यांच्या त्यातील भूमिका विशेष गाजल्या. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई चोप देते, तेव्हा मुलाला श्यामची भीती कळते आणि प्रौढाला मारणाऱ्या आईची व्यथा. मात्र ह्या कथेतील आठवण मोठ्या झालेल्या मुलाची आहे. चित्रपटगृहात अधिक अश्रू प्रौढांचे पडतात, ते ह्यामुळेच. ह्या यशानंतर मुलांसाठीचा चित्रपट म्हणजे संस्काराचे साधन, ही समजूत दृढ झाली. तीत बोध उरला. श्यामची भीती व हट्ट मात्र मागे पडले.

मुलांसाठी स्वतंत्र निर्मिती व्हावी, ह्या हेतूने १९५५ मध्ये बालचित्रपट समिती स्थापन झाली व ‘जलदीप’ (१९५६) हा तिचा पहिला चित्रपट निघाला. सई परांजपे ह्यांचे ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) हे चित्रपट समितीसाठी तयार झालेले आहेत. तथापि दादरचे ‘प्लाझा’, लालबागचे ‘भारतमाता’ ह्यांसारख्या चित्रपटगृहांत, जेथे चाळींतील कुटुंबे मुलाबाळांसह जात, तेथे समितीचे चित्रपट क्वचितच पोहोचले. मुलांना स्वतंत्र चित्रपट मिळाला. पण शेजारी बसलेला प्रौढ हरवला. ही उणीव महेश कोठारे ह्यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) ह्यासारख्या करमणूकप्रधान चित्रपटांनी काही अंशी भरून काढली. रामदास पाध्ये ह्यांनी साकारलेल्या तात्या विंचू ह्या बाहुल्याने मुलांना भय व हसू एकदमच दिले. प्रौढही हसले, परंतु त्यांच्यासाठी निराळा अर्थ त्यात फारसा नव्हता.

हा दुसरा अर्थ संदीप सावंत ह्यांच्या ‘श्वास’ (२००४) ह्या चित्रपटात उत्कटपणे प्रकटतो. दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी शहर दाखवितात. मुलाच्या लेखी ती सहल असते, प्रौढाच्या लेखी अखेरचे दर्शन. परेश मोकाशी ह्यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) ह्या चित्रपटात फाळके-कुटुंबाचा तोच गिरगाव-दादरचा उद्योग खेळासारखा रंगतो. त्यातील प्रसन्नता मुलांना भावते, परंतु विकलेल्या चीजवस्तूंचे दुःख ती फार लवकर पुसून टाकते, ही तिची मर्यादा होय. ह्याच दिग्दर्शकाच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) ह्या चित्रपटात हा तोल अधिक साधला आहे. वडिलांनी केलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत मुले चोरून बांगड्यांचे दुकान मांडतात. मुलांना त्यात साहस दिसते, प्रौढांना कर्जाने गांजलेले घर. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला असला, तरी त्याचे सामर्थ्य त्या वर्गीकरणाबाहेरचे आहे.

मुलांपासून दुःख लपवून वा प्रौढांना पोरकट समजून हा प्रकार साधत नाही. मुलाला कथेत खरी जबाबदारी आणि प्रौढाला स्वतःची चूक पाहण्याची संधी मिळाली, तर घरी परतताना दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरते. गिरगावातून परतलेल्या भालचंद्राने घरी सांगितलेली हकीकत हे त्याचे पहिले उदाहरण म्हणता येईल.