मालकीणबाईंचे चरित्र आणि दासीची साक्ष

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था (१७३१–१८०२) यांच्या चरित्रांतून एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा भेटते : सोशिक, शांत, अगत्यशील गृहिणी. ही प्रतिमा खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती अपुरी आहे, कारण ती फक्त दिवाणखान्यातून पाहिलेली आहे.

पतीशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहार मार्थाबाईंनी जाळला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मग त्या घरातले बोलणार कोण? बोलली ती ओना जज, मार्थाबाईंची खास दासी. पहिल्या पतीच्या इस्टेटीतून मार्थाबाईंकडे जे गुलाम आले, त्यांतलीच ती एक.

राजधानी फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला तर मुक्ती मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधीच राष्ट्राध्यक्षांच्या घरचे गुलाम राज्याबाहेर नेऊन आणले जात. पुढे मार्थाबाईंच्या नातीला आपण दिल्या जाणार, हे ओनाला कळले. २१ मे १७९६ रोजी घरची मंडळी जेवायला बसली असताना ती निघून गेली. तिला पकडून देणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस जाहीर झाले. वॉशिंग्टन यांनी पत्रात तक्रार केली की, नोकराणीसारखे नव्हे, मुलीसारखे वाढवूनही ती कृतघ्न निघाली.

हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. माझी आजी ज्या वाड्याचे अंगण झाडी, तिथेही 'ती आमच्या घरचीच' असे म्हणत. भाकर मात्र वरूनच टाकत.

ओनाने १८४५ आणि १८४७ मध्ये वृत्तपत्रांना आपली हकीकत सांगितली. वॉशिंग्टनांच्या घरी आपल्याला कसलेही शिक्षण मिळाले नाही, हे तिने सांगितले. नवरा, तिन्ही मुले गेलेली, पदरी दारिद्र्य. तरी पळून आल्याचा पश्चात्ताप होत नाही, कारण आपण स्वतंत्र आहोत, असे ती म्हणाली. कायद्याने मात्र ती १८४८ मध्ये मरेपर्यंत गुलामच होती.

'मार्थाबाईंना त्यांच्या काळाच्या मापाने मोजा', असे समीक्षक म्हणतील. मोजू या. पण ओना कोणत्या काळातली होती? काळाचे माप नेहमी मालकाच्याच हातात का? पहिल्या पतीच्या इस्टेटीतले गुलाम मुक्त करण्याचा अधिकार मार्थाबाईंना नव्हता, हे खरे. परंतु एलिश नावाचा एक गुलाम पूर्णपणे त्यांच्या मालकीचा होता. त्यालाही त्यांनी मुक्त केले नाही. मृत्युपत्राने नातवाला दिला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्यांच्या मालकांना नव्हे. चरित्र वाचतानाही आपण हीच निवड केली पाहिजे. मार्थाबाईंचे चरित्र जरूर वाचावे, पण ओनाची साक्ष शेजारी उघडी ठेवून.