यादी चांगली, पण ती वाचणार कोण?

शाळेच्या संगणक कक्षातील दहा यंत्रे एकसारखी ठेवायची, तर एका शिक्षकाचा अख्खा दिवस जातो. बँकेत किंवा संशोधन संस्थेत असे सर्व्हर शेकड्यांनी असतात. तेथे एखादे यंत्र सुटले तर काय होते? २०१२ मध्ये अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवायची होती. एकावर ती राहून गेली. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले.

अशा चुका टाळण्यासाठी काही साधने तयार झाली. भौतिकशास्त्रज्ञ मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो येथे सीएफइंजिन लिहिले. २००५ मध्ये पपेट आले, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. या साधनांमागची कल्पना गोंदियाच्या धान उत्पादकाला नवी वाटणार नाही. ‘बांधीत दोन तास पाणी सोडा’ ही झाली कृती. ती दोनदा केली तर बांधी बुडेल. ‘बांधीत चार बोटे पाणी असावे’ हे झाले स्थितीचे वर्णन. माणूस बघतो, कमी असेल तर पाणी घेतो, जास्त असेल तर काढतो, बरोबर असेल तर काहीच करत नाही. ही साधनेही सर्व्हर कसा असावा याची यादी घेतात आणि फरक असेल तेवढाच भरून काढतात. गणितात केवल मूल्याचे असेच आहे: −५ चे केवल मूल्य ५, आणि त्याचे पुन्हा घेतले तरी ५ च.

कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र तीन ठिकाणी ती तोकडी पडते.

पहिली गोष्ट, यादीत थेट आज्ञाही लिहिता येते. ती दुसऱ्यांदा चालवली तर काय होईल, याची हमी साधन देत नाही. ती लिहिणाऱ्यानेच द्यायची असते. दुसरी, यादीतून ओळ खोडली म्हणून सर्व्हरवरची वस्तू जात नाही. ‘ही वस्तू नसावी’ असे वेगळे लिहावे लागते. यादीत ज्याचा उल्लेखच नाही, त्याकडे साधन सहसा बघत नाही. त्यामुळे ‘यादी म्हणजेच सर्व्हरचे खरे चित्र’ हा दावा अर्धाच खरा ठरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. इतरांनी लिहिलेल्या याद्या तयार मिळतात आणि पुन्हा पुन्हा वापरता येतात. याचा मोठाच गवगवा होतो. पण अशी यादी बहुधा सर्वोच्च अधिकाराने चालते आणि अनेकजण ती न वाचताच चालवतात. विद्यार्थ्याने गाइडमधून उत्तर उतरवावे, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे एक चूक एकाच वेळी सगळ्या यंत्रांवर उतरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल अशीच केंद्रातून सर्वत्र गेली. साधन निराळे होते, धडा मात्र हाच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांचे बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

मग ही साधने टाकून द्यावीत का? मुळीच नाही. हाताने काम केले की एखादे यंत्र सुटते, हे नाइट कॅपिटलने दाखवलेच आहे. मात्र साधन विसराळूपणावर उपाय आहे, अज्ञानावर नाही. अ‍ॅन्सिबलमध्ये बदल न करता काय बदलेल एवढेच बघण्याची सोय आहे. ती आधी वापरावी, मग एका यंत्रावर प्रयोग करावा, नंतरच बाकीच्यांवर.

शिक्षकांना याची सुरुवात साधनाशिवायही करता येईल. आपल्या कक्षातील संगणक कसा असावा, याची यादी विद्यार्थ्यांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या. नंतर ती दुसऱ्या गटाला द्या आणि केवळ तिच्या आधारे एक यंत्र तपासायला सांगा. यादीत काय राहिले, ते मुलांना तासाभरात कळेल.